नवे टायर, तीनदा बॅलन्सिंग, तरी स्टिअरिंग थरथरतंच

लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) टायरचा नवा संच चढवला, बॅलन्सिंग केलं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं व्हावं म्हणून रिमवर छोटी वजनं लावली, मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य दिसलं. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली आणि ताशी ९५ च्या पुढे स्टिअरिंगला बारीक थरथर सुरू. परत नेली, पुन्हा शून्य. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

या तक्रारीत मशीनचं शून्य बहुधा खोटं नसतं. पण ते मशीनच्या शाफ्टवर बसवलेल्या चाकाचं शून्य असतं. तेच चाक गाडीच्या हबवर (चाक ज्यावर बसवतात त्या भागावर) केसभर वेगळ्या मध्यावर बसलं, किंवा रिमवर टायर थोडा सरकला, की ते शून्य संपलं. त्यामुळे आणखी पाच ग्रॅम इकडे, दहा तिकडे असं चिकटवत बसून काही साधत नाही. चूक वजनं लावायच्या आधी झालेली असते आणि तिथेच शोधावी लागते.

थोडा हिशोब डोक्यात असू द्या. २२५/४५ आर १७ मापाच्या टायरचा घेर जवळपास २ मीटर. ताशी १०० किमीला चाक सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला १० ग्रॅमचा फरक राहिला तर या वेगाला तो फरक चाकाला सुमारे १.७ किलोच्या जोराने ओढतो, तोही सेकंदाला १४ वेळा दिशा बदलत. ३० ग्रॅम राहिले तर हाच जोर ५ किलोंवर जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणून ताशी ४० ला काहीच जाणवत नाही. शिवाय चाक, हब आणि ब्रेक यांचा जो भाग स्प्रिंगच्या खाली लटकतो, तो स्वतःहून सेकंदाला १० ते १५ वेळा हलण्याच्या बेताचा असतो. ९० ते ११० च्या पट्ट्यात दोन्ही ताल जुळतात. १२० नंतर थरथर कमी झाल्यासारखी वाटते ती यामुळेच. चाक तेव्हाही तेवढंच बिघडलेलं असतं.

आधी थरथर ओळखा

स्टिअरिंग हातात हलत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटमधून किंवा पायाखालच्या पत्र्यातून येत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी थरथर ब्रेकच्या डिस्कची, तिचा टायरशी संबंध नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की जाते, तर ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचे) जॉइंट बघा. वेग तोच ठेवून गिअर बदला: थरथर तशीच राहिली तर ती चाकांची, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलली तर इंजिन किंवा माउंटिंगची.

ताशी २० ते ४० लाच गाडी डुलत असेल तर ते बॅलन्सिंगचं काम नव्हेच. एवढ्या कमी वेगाला काही ग्रॅमचा फरक गाडी हलवू शकत नाही. रिम वाकलेली आहे, टायरला फुगवटा आहे किंवा बीड (रिमवर बसणारी टायरची तारेची कड) नीट बसलेला नाही, या तिघांपैकी एक. आणि गाडी काही दिवस उभी राहिल्यावर सकाळी थरथरते, १५-२० किमी चालल्यावर गुळगुळीत होते, तर टायर खालच्या बाजूने चपटा पडला होता. नायलॉनचे पट्टे असलेल्या जास्त वेगाच्या टायरमध्ये हे जास्त होतं. म्हणून बॅलन्सिंगला नेण्याआधी तेवढं अंतर चालवून टायर गरम करा. थंड, चपट्या टायरवर मशीनसुद्धा चुकीचं मोजतं.

एका बाजूला ओढणारी गाडी हा वेगळा आजार. टायरला दिशेचा बाण नसेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) कितीही केलं तरी जाणार नाही.

टायर रिमवर सरकलाय का?

'चार दिवस बरं, मग पुन्हा तेच' या प्रकाराचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच, आणि ताकदवान गाड्यांमध्ये तर फारच. टायर चढवताना बीडला लावलेली पेस्ट पहिले काही तास ओली असते. त्या दिवशीच जोरात ब्रेक मारला किंवा गाडी झटक्यात पळवली, तर टायर रिमबरोबर न फिरता तिच्यावर थोडा सरकतो. हवा जात नाही, बाहेरून काही दिसत नाही, पण रिमवर चिकटवलेली वजनं आणि टायरची जड बाजू यांची जोडी सुटते. समजा टायरची स्वतःची जड बाजू ४० ग्रॅमची होती आणि समोर तेवढीच वजनं लावली होती. टायर फक्त १५ अंश सरकला, म्हणजे १७ इंची रिमच्या कडेवर साडेपाच सेंटिमीटर, तर १० ग्रॅमचा फरक पुन्हा उभा राहतो.

ओळखण्याची युक्ती फुकटची आहे. बॅलन्सिंग झाल्याबरोबर, चाक मशीनवर असतानाच, व्हॉल्व्हच्या समोर टायरवर आणि रिमच्या कडेवर एकाच सरळ रेषेत टायरच्या खडूने खूण करा. चारही चाकांना करा. थरथर परत आली की आधी खूण बघायची. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून दूर गेले असतील तर कारण सापडलं. मग हब, बेअरिंग, अलाइनमेंट उघडत बसायची गरज नाही. पुन्हा बॅलन्सिंग करा आणि या वेळी टायर सुकू द्या. रेघ जुळलेली असेल तर हे कारण कायमचं बाद.

पेस्ट कुठली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. टायरसाठीचीच पेस्ट वापरावी, पातळ थरात: दोन्ही बीडला आणि रिमच्या बैठकीला. भांड्याच्या साबणाचं पाणी रिमला गंज लावतं. तेल, ग्रीस, सिलिकॉन स्प्रे हे तर नकोच. ते सुकत नाहीत, टायर महिनाभरानंतरही सरकतो. पहिले २४ तास आणि निदान शंभर-दोनशे किमी गाडी सौम्य चालवा. तोवर ट्रॅकवर नेणं म्हणजे बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात.

चढवतानाच होणाऱ्या चुका

कमी उंचीच्या, कडक साइडवॉलच्या (बाजूच्या भिंतीच्या) टायरला जबरदस्ती चालत नाही. टायर गारठलेला असेल तर तो आधी १५-२० अंशांच्या खोलीत काही तास ठेवावा. थंड रबर ताणलं की बीडची कड फाटते. रिमच्या मध्यभागी जी खोलगट खाच असते ती कुठल्या कडेला जवळ आहे ते बघा. टायर चढवायचा आणि उतरवायचा तो त्याच बाजूने. काही अलॉय रिममध्ये ही खाच आतल्या कडेजवळ असते, म्हणजे रिम मशीनवर उलटी ठेवावी लागते. हे न बघता चेहऱ्याच्या बाजूने टायर ओढला की एक तर बीड तुटतो, नाही तर रिमवर ओरखडे. कड एका टोकाला ताणली जात असताना समोरच्या टोकाला ती खाचेत दाबून धरलीच पाहिजे, नाही तर लिव्हर तुम्ही कितीही लांब घ्या, टायर चढणार नाही. हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर शेवटचा ताण त्याच्यावर येणार नाही अशी रिम फिरवून घ्या.

रिम उघडी असते ती हीच वेळ. नुसती रिम बॅलन्सिंग मशीनवर लावून हाताने फिरवा आणि बीड बसतो त्या दोन्ही पट्ट्या डायल गेजने (बारीक हालचाल सुईवर दाखवणाऱ्या मापकाने) तपासा. वर-खाली आणि डावी-उजवी, दोन्ही हालचाली. अलॉयला साधारण ०.५ ते ०.८ मिमीपर्यंत चालून जातं. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. आतली कड खड्ड्यात आपटून वाकलेली असते आणि बाहेरून रिम नवीकोरी दिसते, असं पुष्कळदा होतं. टायर चढल्यावर हीच तपासणी तिप्पट कटकटीची होते, तेव्हा ही पाच मिनिटं टाळू नका.

हवा भरताना दोन्ही बीड बसल्याचे दोन वेगळे 'टक' आवाज येतात. व्हॉल्व्हची पिन काढून भरलं तर हवा जोरात जाते आणि बीड सारखा बसतो. मर्यादा ४० पीएसआय. तेवढ्यात बसला नाही तर हवा पूर्ण सोडा, पेस्ट पुन्हा लावा, टायर थोडा फिरवा आणि परत भरा. '५०-६० ला बसेल' म्हणून दाब वाढवायचा नाही. बीडची तार तुटली तर रिमवरून टायर उडतो. लांब नळी, व्हॉल्व्हवर आपोआप अडकून राहणारी हवेची पिस्तूल आणि माणूस बाजूला.

आवाज आला म्हणजे बसला असंही नाही. साइडवॉलवर रिमच्या अगदी लगत एक बारीक उठावाची गोल रेघ असते. बोट टेकवून रिमच्या कडेपासून तिचं अंतर चाकभर बघत जा. सगळीकडे सारखं हवं. एका जागी रेघ आत बुडाली असेल, समजा इतरत्र ४ मिमी आणि तिथे दीड, तर बीड त्या जागी चढलेला नाही. असं चाक बॅलन्स होतं, शून्यही दाखवतं, पण गोल फिरत नाही. आणि आतली बाजू? ती जवळपास कोणी बघत नाही. चाक उलटं करून तिथली रेघही बघा. मगच गाडीच्या दारावरच्या तक्त्याप्रमाणे दाब ठेवा.

टायरवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने, 'बाहेर' असं लिहिलेली बाजू बाहेर. चुकीच्या बाजूला चढवलेला टायर थरथरतोच असं नाही, पण ओल्या रस्त्यावर पाणी फेकत नाही.

पिवळा ठिपका, लाल ठिपका

नव्या टायरवर रंगीत ठिपके असतात आणि त्यांच्याबद्दल गैरसमज खूप. पिवळा ठिपका म्हणजे टायरची सर्वांत हलकी बाजू. ती व्हॉल्व्हसमोर ठेवायची, कारण रिमची तीच बाजू जड असते. हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तिथे आणखी ३० ग्रॅमच्या आसपास वजन असतं. लाल ठिपका वेगळा. भार पडल्यावर टायर जिथे सर्वांत जास्त कडक किंवा उंच लागतो ती जागा तो दाखवतो. रिमच्या सर्वांत खोल जागेवर (बीडची बैठक जिथे मध्याच्या सर्वांत जवळ असते तिथे) खूण असेल तर लाल ठिपका तिच्यासमोर आणावा. दोन्ही ठिपके असतील तर लाल आधी. वजनाचा फरक वजनं लावून भरून निघतो, गोलाईचा निघत नाही. बाजारातून घेतलेल्या अलॉयवर खोल जागेची खूण बहुधा नसतेच. मग पिवळा ठिपका व्हॉल्व्हकडे ठेवा, किंवा वर सांगितलेल्या गेजने खोल जागा स्वतः शोधा.

एखादं चाक ७०-८० ग्रॅमच्या वर मागत असेल तर एवढी वजनं चिकटवण्याआधी हवा सोडून टायर रिमवर १८० अंश फिरवा. पुष्कळदा मागणी निम्म्यावर येते. फिरवूनही जड बाजू टायरबरोबरच गेली तर टायर संशयित, रिमवरच त्या जागी राहिली तर रिम.

मशीनवर

बॅलन्सिंगची अर्धी अचूकता चाक शाफ्टवर कसं बसवलं यात आहे. अलॉय रिममध्ये हबला टेकणारी बाजू आणि मधलं भोक ही दोनच ठिकाणं नेमकी खरादलेली असतात. त्यामुळे कोन (चाक शाफ्टच्या मध्यावर धरणारा शंकूसारखा तुकडा) आतून, म्हणजे हबच्या बाजूने लावावा आणि बाहेरून बोल्टच्या भोकांवर दाब देणारी फ्लँज (चपटी तबकडी) असेल तर उत्तम. बाहेरच्या बाजूने कोन लावला तर तो रिमच्या मधल्या टोपीच्या खोबणीत बसतो, आणि ती खोबण मध्यावर असेलच असं नाही. भोकातला गंज, रंगाचे पापुद्रे, कोनावर चिकटलेली माती आधी पुसून घ्या.

मग ही परीक्षा करा. दुकानात उभे असाल तर करून घ्या. शून्य आलं की चाक सैल करा, कोन जागच्या जागी ठेवून चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा, पुन्हा फिरवून मोजा. नीट बसवलेलं चाक पुन्हा शून्य किंवा ५ ग्रॅमच्या आत दाखवेल. १५-२० ग्रॅम दाखवलं तर आधीचं शून्य निरर्थक होतं. कोन बदला, शाफ्ट पुसा, आणि तरी तेच तर मशीनचंच कॅलिब्रेशन करायचं राहिलेलं आहे. या एका परीक्षेत जेवढं कळतं तेवढं दहा वेळा बॅलन्सिंग करून कळत नाही.

शून्याचा आणखी एक चकवा. बहुतेक मशीन ५ ग्रॅमच्या खालचं वजन शून्यच दाखवतात. रिमच्या आतल्या बाजूला ४ ग्रॅम, बाहेरच्या बाजूला ४ ग्रॅम, दोन्ही एकाच दिशेला, तर पडद्यावर शून्य-शून्य आणि चाकात प्रत्यक्षात ८ ग्रॅम. हलक्या सस्पेन्शनच्या, कडक बुशांच्या (सांध्यांतल्या रबरी तुकड्यांच्या) गाडीला तेवढंही जाणवतं. सूक्ष्म वाचनाचं बटण दाबून खरा आकडा बघा, आणि शेवटी एकदा स्टॅटिक मोडमध्ये (दोन्ही बाजू मिळून एकच आकडा दाखवणाऱ्या) उरलेलं वजन तपासा. फक्त स्टॅटिकवर बॅलन्सिंग उरकणं मात्र रुंद रिमला पुरत नाही. चाक डावं-उजवं डुलतं ते त्यात धरलं जात नाही.

जुनी वजनं काढली का? रिमच्या एकाच पट्टीवर अगदी समोरासमोर वजनं दिसली, इकडे ४० आणि तिकडे ३०, तर नाहीत. चिकटपट्टीची वजनं लावण्याआधी जुना गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी. टायर चमकवायचा द्रव त्या जागी लागला असेल तर वजन दोन दिवसांत पडतं, आणि मग 'पुन्हा तेच'. गोंदाची पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात. तोवर जोराच्या फवाऱ्याने रिम धुऊ नका. ब्रेकचे कॅलिपर मोठे असतील तर चाक हाताने एक फेरा फिरवून वजन घासत नाही ना ते बघा. घासून निघालेल्या वजनाची चमकदार रेघ कॅलिपरवर सापडते.

हबवर

आता गाडीची बाजू. टायरसकट चाक २० किलोचं धरलं आणि ते हबवर फक्त अर्धा मिमी बाजूला बसलं, तर १७ इंची रिमच्या कडेला सुमारे ४६ ग्रॅमचं वजन लावल्यासारखं होतं. ०.१ मिमीलासुद्धा ९ ग्रॅम. म्हणून बाजारातल्या अलॉयला मधली रिंग लागते. अशा रिमचं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं, बरेचदा ७३.१ मिमी, आणि हब त्याहून लहान: फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत ५७.१, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत ६७.१. मधली पोकळी भरणारी रिंग नसेल तर चाक नुसत्या नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, म्हणजे आज एका जागी, उद्या चाक काढून लावलं की दुसऱ्या. टायर बदलताना ही रिंग हबवर किंवा जुन्या रिममध्ये अडकून राहते आणि चारपैकी एका चाकाला ती नाहीच, हे नेहमीचं. प्लॅस्टिकची रिंग रोजच्या वापराला ठीक. ब्रेक खूप तापत असतील तर ॲल्युमिनियमची घ्या.

हबचा चेहरा आणि मधली कड तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासा. गंजाचा एक पापुद्रा चाकाला तिरकं बसवतो. त्यानंतरही शंका असेल तर हबच्या चेहऱ्यावर डायल गेज लावा, ०.०५ मिमीच्या आत हवं.

नट आणि बोल्ट यांची बैठकही जुळली पाहिजे. होंडा किंवा फोक्सवॅगनच्या मूळ रिमला पुष्कळदा गोल बैठकीचे असतात, बाजारातल्या अलॉयला ६० अंशांच्या शंकूचे. एकाचे दुसऱ्याला लावले तर आवळले जातात, पण टेकतात बारीक कडेवर. चाक मध्यावर येत नाही आणि पुढे सैलही होतं.

आवळण्याची पद्धत: गाडी जॅकवर असतानाच सगळे नट हाताने बसवा, चाक हलवत हलवत चांदणीच्या क्रमाने (लगतचा सोडून समोरचा) हलकेच आवळा, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) शेवटचा जोर. एम१२ (१२ मिमी जाडीच्या) बोल्टला बरेचदा १०० ते १२० न्यूटन मीटर, एम१४ ला १२० ते १४०, पण आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. हवेच्या बंदुकीने एकेक नट पूर्ण आवळत गेलं की पहिल्याच नटाला चाक एका बाजूला जखडतं, आणि असमान आवळलेली डिस्क काही हजार किमीनंतर ब्रेक मारताना थरथरू लागते.

एवढं करूनही थरथर राहिली तर

पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष त्या दोन चाकांपैकी एकात. मग त्यांना रोलर दाबून मोजणाऱ्या मशीनवर न्या. साधं बॅलन्सिंग चाक हवेत फिरवतं. हे मशीन रस्त्यासारखा भार देऊन टायर कुठे कडक आणि कुठे मऊ आहे ते दाखवतं, आणि टायर रिमवर किती फिरवला तर दोन्हींचे दोष एकमेकांना मारतील तेही सांगतं. फिरवूनही आकडा उतरला नाही तर टायर बदलून मागायचा. त्यासाठी मोजमापाची छापील प्रत आणि टायरवरच्या तारखेच्या चार अंकांचा फोटो ठेवा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

थरथर जागची हललीच नाही तर टायरवाल्याला सोडा आणि हब, बेअरिंग, लोअर आर्मचे बुश उघडा. चाकं पुन्हा बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर टॉर्क पाना फिरवायचा आहे. त्याच वेळी खाली वाकून खडूच्या चारही रेघा बघून घ्या.